हर्शेलची डावी नाकपुडी

हर्शेल प्रूइट माझा मेव्हणा, माझ्या धाकट्या बहिणीचा, ओपलचा नवरा. त्याच्यावर कुणी चार ओळी लिहाव्यात असं त्यानं आयुष्यात काही केलेलं नाही. पन्नास वर्षं सीडरची झाडं तोडली आणि त्यांचे कुंपणाचे खांब करून विकले. आमच्या टर्की क्रीक नावाच्या ओढ्याच्या दोन्ही काठांना जेवढी कुंपणं दिसतात त्यातले निम्मे खांब त्याच्या हातचे आहेत. तरी मी लिहायला बसले आहे ती त्याच्या नाकाबद्दल, आणि त्या नाकापायी मी जे केलं त्याबद्दल. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. या वयात अब्रू सांभाळत गप्प बसण्यात काही अर्थ राहिलेला नाही.

टेक्सासच्या आमच्या डोंगराळ भागात डिसेंबर लागला की सीडरच्या नर झाडांवर तांबूस झाक चढते. वारा सुटला की झाडातून धूर निघावा तसा पराग उडतो. ऑस्टिनहून नव्याने राहायला आलेली माणसं आग लागली म्हणून बंबवाल्यांना फोन करतात आणि आम्ही महिनाभर हसत बसतो. पण ते हसूही नाक पुसत पुसतच. फेब्रुवारी सरेपर्यंत सगळं गाव डोळे चोळत हिंडतं आणि चर्चमध्ये पाद्रीबुवांचं बोलणं शिंकांमध्ये वाहून जातं. त्यामुळे आमच्याकडे कुणाचं काहीही दुखलं की बोट त्या झाडाकडे. डोकं दुखतंय, सीडर. झोप लागत नाही, सीडर. नवरा-बायकोचं बिनसलं, तरी कुणीतरी म्हणणारच, जाऊ दे, सीडरचे दिवस आहेत. या खुळातून मी स्वतःला वगळत नाही.

हर्शेलला मात्र जन्मात कधी त्या परागाची शिंक आली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी माज होता. गावातल्या दुकानाच्या ओसरीवर सगळे रुमाल काढून बसले की हा मुद्दाम सीडरची डहाळी मोडून, हातावर चोळून, छाती भरून हुंगायचा. "झाडाला कसले घाबरता रे, बायकांनो?" म्हणायचा. त्याचं नाक होतंही तसंच. ओंडका चिरला की नुसता हुंगून सांगायचा, हा खांब चाळीस वर्षं उभा राहील, हा दहात सडेल. कोणी कधी त्याला खोटं पाडल्याचं मला आठवत नाही.

आठ वर्षांपूर्वी ओपलला कॅन्सर झाला. नोव्हेंबरात ती अंथरुणाला खिळली. मी क्रीकच्या पलीकडे राहते, रोज सकाळी सूप आणि मक्याची भाकरी घेऊन जायची. त्यातल्याच एका सकाळी हर्शेलनं पेकानचं अक्रोडासारखं फळ फोडायला तोंडात धरलं आणि त्याची वरची डावी दाढ तडकली.

"दातांच्या डॉक्टरकडे जा," ओपल उशीवरूनच म्हणाली.

"म्हणजे चाळीस मैल. सगळा दिवस जाईल. तुला सोडून?"

"वेल्डा आहे ना इथे," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"वेल्डा तुला नुसती रागवत बसेल," तो म्हणाला आणि मागच्या शेडमध्ये गेला.

अर्ध्या तासानं परत आला तेव्हा गाल सुजलेला, तोंडाला व्हिस्कीचा वास, आणि तळहातावर दाढ. पक्कड अजून खिशात होती. आमच्याकडे झाडं पाडणाऱ्यांच्यात हे काही नवीन नाही, त्याच्या बापानंही आपले दात असेच काढले होते. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोराच्या ऐटीत त्यानं ती दाढ ओपलला दाखवली. ओपल हसली, इतकी हसली की तिला धाप लागली. "अरे शहाण्या, धुवून तरी आण," म्हणाली, आणि ती दाढ तिनं आपल्या बटणांच्या बरणीत टाकून दिली. तिला असं हसताना मी पाहिलं ते शेवटचं. दाढ मीही हातात घेऊन बघितली होती. दोन मुळं होती तिला. वरच्या दाढेला तीन असतात हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

फेब्रुवारीत ओपल गेली. जायच्या आधी तिनं मला जवळ बोलावून एकच गोष्ट मागितली. घरामागच्या उंचवट्यावर एक जुना सीडर होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. मादी होता तो. त्याला पराग यायचा नाही, थंडीत निळी फळं यायची आणि ती खायला पाखरांचे थवे उतरायचे. ओपल लग्न होऊन आली तेव्हापासून तिची दुपारची जागा तीच. "मला तिथे पुरा," ती म्हणाली. "आणि माझ्या झाडाला कुणाला हात लावू देऊ नकोस. हर्शेललाही." मी तिचा हात धरून शब्द दिला. आम्ही तिला तिथेच पुरलं.

लग्नात हर्शेलनं तिला सीडरच्या लाल गाभ्याची एक मोठी पेटी स्वतः करून दिली होती. ती ज्या गोधडीत गेली ती गोधडी, तिचा निळा झगा आणि डोक्याचा रुमाल त्यानं न धुता त्या पेटीत ठेवले. दर रविवारी चर्चमधून आला की खोलीचं दार लोटून घ्यायचा, पेटी उघडायचा, गोधडीत तोंड खुपसायचा आणि पुन्हा झाकण लावायचा. आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं. एकदा मी दारातून बघितलं आणि पाय न वाजवता मागे फिरले. त्या पाच मिनिटांवर तो बाकीचा आठवडा काढत होता.

पुढच्या जानेवारीत त्याचं नाक चोंदलं. ओसरीवरच्या मंडळींना तर सणच झाला. "काय हर्शेल, शेवटी झाडांनी सूड घेतला म्हणायचा!" पन्नास वर्षं ऐकून घेतलेलं त्यांनी त्या एका महिन्यात वसूल केलं. चोंदली होती ती फक्त डावी नाकपुडी. डाव्या डोळ्याखाली जड व्हायचं, बुटाची नाडी बांधायला वाकला की गालात कळ उठायची. डावीकडचे वरचे सगळे दात ठणकायचे. आमच्या गावच्या म्हाताऱ्या डॉक्टर वॉरिकला त्यानं ते सांगितलंही.

"सायनस भरला की दात दुखणारच," डॉक्टर म्हणाला. "सीडर. सगळ्या गावाला आहे."

गोळ्या दिल्या. आठवड्यात बरं वाटलं. गोळ्या संपल्यावर दहा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. जुलैमध्ये तो तसाच गाल धरून माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मी म्हटलंसुद्धा, "अरे, जुलैत कुठला आलाय पराग?" तर म्हणाला, "जमिनीवर पडलेला असतो. धुळीबरोबर उडतो." आणि मी मान डोलावली! सगळा जन्म या मातीत काढून मी मान डोलावली. दातांच्या डॉक्टरकडे जा असं कुणाच्या मनातही आलं नाही. दुखणारे दात धडधाकट होते, आणि जी दाढ दुखायला हवी होती ती तर बटणांच्या बरणीत होती. शिवाय म्हाताऱ्यांचा सरकारी विमा नाक बघतो, कान बघतो, काळीज बघतो. दात त्याच्या लेखी माणसाच्या अंगात नसतातच.

उपाय मात्र सगळ्यांनी सांगितले. मिठाच्या पाण्यानं नाक धू. इथल्याच मधमाश्यांचा मध खा. कांदा उशाशी ठेव. तिखट मिरचीची वाफ घे. हर्शेलनं सगळं केलं. पाणी उकळून, निववून, मोरीवर वाकडी मान करून उभा राहायचा आणि त्याच्या नाकातून जे बाहेर पडायचं ते सांगायची ही जागा नव्हे. गुण कशाचाच आला नाही. दीड वर्षात त्याचं वजन इतकं उतरलं की पँट दोरीनं बांधू लागला.

मग वास सुरू झाला.

एका सकाळी त्यानं मला विचारलं, "घराखाली काही मेलंय का गं?" मला काहीच वास येत नव्हता. तो विजेरी घेऊन घराखाली सरपटत गेला, काही सापडलं नाही. मग स्वयंपाकघरातल्या फळ्या उखडल्या. फ्रीज बाहेर काढून उन्हात धुतला. विहिरीचं पाणी तपासून आणलं. कॉफी सडकी लागायची, बीन्स सडके लागायचे. चर्चच्या जेवणाला मी पीचचा गोड पदार्थ केला होता, त्याचा घास त्यानं सगळ्यांसमोर रुमालात थुंकला आणि उठून गाडीत जाऊन बसला. मला राग आला. मी गाडीपाशी जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "वेल्डा, मेलेलं माझ्याच आत आहे बहुतेक." मला वाटलं नाटकं करतोय. ते अक्षरशः खरं होतं.

ओपल गेल्याला अडीच वर्षं होऊन गेली होती, ऑक्टोबर होता. तो क्रीक ओलांडून पायी माझ्याकडे आला. गाडी असताना पायी आला म्हणून मी चमकले.

"माझ्याबरोबर चल," म्हणाला. "पेटी बघायची आहे."

घरी गेल्यावर त्यानं पेटी उघडली आणि स्वतः भिंतीपर्यंत मागे सरकला. "तूच हुंग. मला तिथेही सडकाच वास येतोय. गोधडीला. तिच्या झग्याला." त्याचा आवाज फाटला. "मी रोज उघडून बघतो, वेल्डा. रोज. वाटतं, आज तरी ती येईल. आणि रोज मला... तिला पुरलेल्या जागेतून येईल तसा वास येतो. खरं सांग. आत काही सडलंय का?"

मी गुडघ्यांवर बसले आणि गोधडीत तोंड घातलं. सडलेलं काही नव्हतं. ओपलही नव्हती. तिच्या पावडरीचा, केसांचा, त्या शेवटच्या दिवसांतल्या मलमाचा, कसलाच वास उरलेला नव्हता. त्यानं रोज उघडून, चार चार वेळा उघडून, सगळा वास हवेवर सोडून दिला होता. येत होता तो फक्त लाकडाचा वास, सीडरचा. स्वच्छ आणि कोरडा.

मी वर बघितलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"आहे," मी म्हटलं. "ओपलचाच वास आहे. जसाच्या तसा."

"शपथ?"

"शपथ. तुझं नाक बिघडलंय, हर्शेल. ती आहे तिथेच."

तो खाली बसला आणि ढसाढसा रडला. मला वाटलं मी मोठं पुण्य केलं. घरी येताना मला फार बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. ओपल पेटीत आहे, मध्ये फक्त आपलं नाक आहे, आणि नाकाच्या आड सीडर आहे. हिशेब त्याच्या मते सरळ होता. त्या जानेवारीत त्यानं घराभोवतीची सगळी नर झाडं पाडली. डॉक्टर वॉरिक म्हणाला, चांगलं आहे, तेवढाच पराग कमी. मग त्यानं क्रीकपर्यंतची पाडली, मग शेजाऱ्यांना विचारून त्यांची. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गाल धरून, एका डोळ्यानं पाणी गाळत, दिवसभर चेनसॉची यांत्रिक करवत चालवत होता. ओसरीवरची मंडळी आता हसेनाशी झाली होती. येता-जाता तो मला विचारायचा, "काल पेटीपाशी गेली होतीस ना? आहे ना अजून?" आणि मी म्हणायची, आहे. पहिल्यांदा खोटं बोलताना जड गेलं होतं. नंतर ते सवयीनं तोंडातून बाहेर पडत गेलं.

उन्हाळाभर तो तसाच कुजत राहिला. पुढच्या जानेवारीत, एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा क्रीकपलीकडून चेनसॉचा आवाज आला. त्या बाजूला आता तोडायला काही शिल्लकच नव्हतं. एकच उरलं होतं. मी हातातली चादर तशीच टाकून पिकअपमध्ये बसले.

मी पोचले तेव्हा ते आडवं झालं होतं. फांद्या ओपलच्या दगडावर पडल्या होत्या आणि निळी फळं सगळीकडे विखुरली होती. पाखरं वर गोल गोल फिरत होती, बसायला जागा शोधत. हर्शेल बुंध्यापाशी उभा होता. चेनसॉ बंद होती.

"फळं आहेत रे त्याला!" मी ओरडले. "फळं आहेत! मादी आहे ती! पराग कुठून येणार तिला? तुला शिकवायचं का मी हे? तुला?"

"माहितीये मला."

"मग का?"

"दुसरं काही उरलं नव्हतं, वेल्डा." तो शांतपणे म्हणाला. "सगळं करून बघितलं. हे एवढंच करायचं राहिलं होतं."

"मी शब्द दिला होता तिला!"

"तिला झाड नको असतं. मी तिच्यापर्यंत पोचावं एवढंच तिला हवं असतं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या आईनं ऐकलं असतं तर माझं तोंड साबणानं धुतलं असतं. त्याच्या घराकडे फिरकणार नाही असं सांगून मी आले आणि नऊ दिवस फिरकले नाही. त्या नऊ दिवसांत मी स्वतःला एकदाही विचारलं नाही की ती ओपलपर्यंत पोचायची आशा त्याच्या डोक्यात कुणी घातली.

दहाव्या दिवशी सकाळी तो माझ्या पायरीवर बसलेला होता. मान वर केली तेव्हा माझ्या हातातली किटली पडली. डावा डोळा बंद झाला होता, पापणी पिकलेल्या आलुबुखारासारखी सुजलेली, लाल-जांभळी. अंगाला हात लावला तर भाजत होतं.

"झाड पाडूनही दुखणं उतरलं नाही," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

डॉक्टर वॉरिककडे मी गाडी थांबवली नाही. थेट सॅन अँटोनिओ गाठलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात सालिनास नावाची एक तिशीतली डॉक्टरीण होती. तिनं त्याच्या डोक्याचा स्कॅन काढला आणि तासाभरानं आम्हाला तो पडद्यावर दाखवला.

"मिस वेल्डा, मिस्टर हर्शेल, इकडे बघा. गालाच्या हाडात ही एक पोकळ खोली असते. उजवी काळी दिसते, म्हणजे आत हवा आहे. डावी पूर्ण भरली आहे. पूच पू. तो आता वर डोळ्यामागे शिरायला लागलाय." मग तिनं पेनचं टोक खाली आणलं. "आणि हे काय आहे, सांगाल?"

त्या खोलीच्या तळातून एक पांढरं टोक वर आलं होतं, कुंपणाच्या तुटक्या खुंटासारखं.

"या खोलीची जमीन म्हणजेच वरच्या दाढांचं छत. मधलं हाड अंड्याच्या टरफलाएवढं पातळ. हे दाढेचं मूळ आहे. इथली दाढ कुणी काढली?"

"मीच," हर्शेल म्हणाला.

"तुम्ही? कशानं?"

"पकडीनं."

"किती वर्षं झाली?"

"बायको होती तेव्हा."

"दोन मुळं काढलीत. तिसरं तुटून आत राहिलं. ते सडलं आणि त्यानं वरची खोली सडवली. गोळ्यांनी पू कमी व्हायचा, पण मूळ तिथेच होतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरत गेला."

"म्हणजे सीडर..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

"सीडरनं दोन्ही नाकपुड्या गळतात, मिस्टर हर्शेल. शिंका येतात, डोळ्यांना खाज सुटते. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं घाण वास येत असला तर आधी दात बघायचे असतात. तुम्हाला आलेला सडका वास खराच होता, तो तुमच्या गालातच होता. झाडाचा यात काही दोष नाही." तिनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "का? कुठलं झाड?"

हर्शेल पडद्यावरच्या त्या पांढऱ्या टोकाकडे बघत राहिला.

त्याच दुपारी त्यांनी पू काढला, मूळ काढलं. आणखी दोन दिवस गेले असते तर डोळा गेला असता, कदाचित माणूसही. दोन आठवडे त्याच्या दंडात सुई होती. मी त्याच्याजवळ बसून राहायची. झाडाचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. रागावायला आता जागाच राहिली नव्हती.

घरी आल्यावर त्याला हळूहळू वास येऊ लागला. आधी डिझेलचा. मग एका सकाळी कॉफीचा, तेव्हा कप दोन्ही हातांत धरून तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मग ओल्या मातीचा, कुत्र्याचा, माझ्या बीन्सचा. "जरा करपलेत," म्हणाला, आणि मला आनंद व्हावा की राग यावा तेच कळेना. पेटीपाशी मात्र तो गेला नाही. "पूर्ण बरा झाल्याशिवाय उघडायची नाही," म्हणाला. "एकदाच उघडणार." खरं काय ते सांगायचं ठरवून मी तीनदा क्रीक ओलांडली आणि तीनदा हवापाण्याचं बोलून परत आले.

मे महिन्यातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, त्यानं मला हाक मारली. "आज चल." त्यानं दाढी केली होती, ओपलला पुरलं त्या दिवशी घातला होता तो शर्ट घातला होता. हात दोनदा साबणानं धुतले. मला खुर्ची दिली आणि स्वतः पेटीपुढे गुडघ्यांवर बसला, चर्चमध्ये बसतात तसा.

झाकण उघडलं. त्यानं गोधडी उचलली, चेहऱ्याला लावली आणि एक खोल श्वास घेतला. मग दुसरा. मग गोधडी उलटी करून तिसरा. झगा घेतला, रुमाल घेतला, रुमालाची घडी मोडून तिच्या आतल्या बाजूला नाक लावलं. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्या पाठीवरूनच मला सगळं कळत होतं.

बऱ्याच वेळानं तो वळला. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, चिंता होती.

"अजून बरं झालेलं नाही गं," तो म्हणाला. "नुसता सीडरच येतोय. त्या बाईनं नीट साफ केलं नसणार. उद्या पुन्हा सॅन अँटोनिओला जाऊ या. आत आणखी काहीतरी असेल. दुसरं मूळ असेल एखादं. पलीकडची दाढ काढून टाकायची का? काय वाटतं तुला?" बोलता बोलता त्याचं बोट तोंडात गेलं होतं आणि तो धडधाकट दाढ चाचपत होता.

तेव्हाही माझ्या जिभेवर खोटंच आलं होतं. म्हणावं, थोडा धीर धर, येईल अजून वास. पण त्याचं ते बोट मी बघितलं. हा माणूस आता एकेक दात उपटत जाणार आणि मी दरवेळी म्हणणार, ती आहे तिथे.

"हर्शेल," मी म्हटलं, "तुझं नाक बरं झालंय."

"नाही गं, मी सांगतोय ना, फक्त लाकडाचा..."

"लाकडाचाच वास आहे. दुसरा नाहीये. मी हुंगला तेव्हाही नव्हता. मी तुला खोटं सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. रुमाल त्याच्या मांडीवर होता. बाहेर त्याचा कुत्रा कशावर तरी भुंकत होता. खिडकीतून उंचवटा दिसत होता, आणि आता मध्ये काही नसल्यामुळे ओपलचा दगड उन्हात पांढराफटक दिसत होता. त्यानं तिकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"कधी?" त्यानं विचारलं. "तू हुंगलंस ते झाडाच्या आधी?"

"हो," मी म्हटलं. "झाडाच्या आधी."

त्यानं रुमालाची घडी जशी होती तशी घातली, झग्यावर ठेवली, त्यावर गोधडी ठेवली. झाकण लावलं. उठताना त्याला आधार लागला म्हणून मी हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. पेटीच्या कडेला धरून तो आपला आपण उठला आणि बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होते. उंचवट्यावर जाऊन तो दगडाच्या पश्चिमेला, ऊन येतं त्या बाजूला, उभा राहिला. त्याची सावली ओपलवर पडेल अशा बेतानं थोडा सरकला, आणि ऊन उतरेपर्यंत तसाच उभा राहिला.